शहरापुरते यश: ह्युस्टनच्या रॅपरांचे अर्थकारण कसे चालले

यूट्यूबवर जुन्या हिंदी गाण्यांच्या, आणि अलीकडे मराठी गाण्यांच्याही, 'स्लोड अँड रिव्हर्ब' आवृत्त्या पुष्कळ लोक आवडीने ऐकतात. गाण्याचा वेग उतरवलेला असतो, गायकाचा आवाज जड झालेला असतो आणि सगळे काही पाण्याखालून येत असल्यासारखे भासते. वेग उतरवण्याच्या या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्युस्टन शहराच्या दक्षिण भागात आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट अर्ल डेव्हिस नावाच्या तरुणाने, म्हणजे डीजे स्क्रूने, आपल्या घरात अशा कॅसेटी तयार करायला सुरुवात केली. या लेखाचा विषय मात्र ते तंत्र नसून त्या कॅसेटींभोवती उभा राहिलेला बाजार हा आहे, कारण अमेरिकेच्या दक्षिणेतील एखादा गरीब घरचा मुलगा रॅपर म्हणून स्वतःच्या शहरात नाव आणि पैसा कसा कमावतो, आणि उर्वरित देशाला त्याचे नावही ठाऊक नसताना तो वर्षानुवर्षे त्यावर कसा जगतो, हे समजून घ्यायचे असेल तर ह्युस्टनइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

आधी परिस्थिती पाहू. हिप-हॉपचा जन्म 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झाला आणि पुढची अनेक वर्षे या संगीताच्या कंपन्या, मासिके आणि मोठी रेडिओ केंद्रे न्यूयॉर्कमध्ये, नंतर लॉस एंजेलिसमध्ये एकवटलेली राहिली. दक्षिणेतल्या मुलांचे उच्चार, त्यांचे लांबवलेले स्वर आणि त्यांचे विषय न्यूयॉर्कच्या जाणकारांना गावंढळ वाटत. 1995 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये 'सोर्स' या हिप-हॉप मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला सर्वोत्तम नव्या गटाचा पुरस्कार मिळाला तेव्हा सभागृहातून हुर्यो उडवली गेली, आणि त्यातल्या आंद्रेने दक्षिणेलाही काही सांगायचे आहे असे तिथेच ठणकावून सांगितले. तो प्रसंग पुढे दंतकथेसारखा सांगितला जाऊ लागला. ह्युस्टनच्या रॅपरांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी न्यूयॉर्कची वाट पाहणे सोडून दिले होते.

त्यामागे अभिमान होता तशी अडचणही होती. ह्युस्टन हे तेलावर जगणारे शहर आहे आणि 1980 च्या दशकात तेलाचे भाव कोसळले तेव्हा तिथल्या दोन लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. थर्ड वॉर्ड, फिफ्थ वॉर्ड, साउथ पार्क या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना आधीच वर्णभेदाच्या काळापासून चांगल्या शाळा, बँकेचे कर्ज आणि नागरी सुविधा यांपासून दूर ठेवलेले होते. त्यात मंदी आणि पाठोपाठ क्रॅक या अमली पदार्थाचा व्यापार आला. अशा वस्तीतल्या मुलापुढे कोणत्याही कंपनीचा माणूस करार घेऊन येत नसे, कारण गावात कंपनीचे कार्यालयच नव्हते. जुन्या मोटारींचा व्यवसाय करणाऱ्या फिफ्थ वॉर्डच्या जेम्स प्रिन्सने 1980 च्या दशकाच्या मध्यात 'रॅप-अ-लॉट' ही कंपनी काढली आणि तिच्या गेटो बॉइज या गटाने 1991 मध्ये देशभर गाजलेले गाणे दिले, तेव्हा पहिल्यांदा शहराला कळले की हे इथे बसूनही करता येते.

आता स्क्रूच्या घराकडे येऊ. ट्रकचालकाचा हा मुलगा आईच्या तबकड्या वाजवत मोठा झाला होता. त्याच्या घरातल्या खोलीत दोन टर्नटेबल, एक मिक्सर आणि एक चार-ट्रॅक रेकॉर्डर असे. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या तो दोन्ही टर्नटेबलांवर किंचित मागेपुढे लावत असे आणि मिक्सरचा दांडा झटकन इकडून तिकडे नेऊन एखादा शब्द किंवा ठेका पुन्हा ऐकवत असे, त्यामुळे ओळ तुटून परत जोडल्यासारखी वाटे. सगळे ध्वनिमुद्रण झाले की तो ते रेकॉर्डरवर हळू गतीने चालवून कॅसेटवर उतरवत असे. शेजारपाजारची मुले रात्री जमत, एखाद्या प्रसिद्ध गाण्याचे केवळ संगीत लावले जाई आणि मायक्रोफोन हातोहात फिरत असे. मुले आयत्या वेळी सुचेल ते यमकात बांधत, त्यात आपल्या गल्लीचे, शाळेचे, मित्रांचे, वारलेल्या भावाचे नाव घेत. 27 जून 1996 रोजी एका मित्राच्या वाढदिवसानिमित्त झालेल्या अशाच एका बैठकीत बिग मो, बिग पोकी, यंगस्टार आदींनी मिळून अर्ध्या तासाहून अधिक लांबीचे एकच सलग फ्रीस्टाइल ध्वनिमुद्रित केले. ह्युस्टनमध्ये ते आजही शहरगीताच्या मानाने ऐकले जाते आणि ती तारीख सणासारखी साजरी होते.

या राखाडी कॅसेटी, त्यांवर हाताने लिहिलेली नावे, आणि किंमत साधारण दहा डॉलर. विक्री घरूनच होत असे. संध्याकाळी ठराविक वेळी स्क्रूच्या दारासमोर मोटारींची इतकी मोठी रांग लागे की पोलिसांना तिथे अमली पदार्थांची विक्री होत असल्याचा संशय आला. हौशी गिऱ्हाईक स्वतःच्या पसंतीच्या गाण्यांची यादी देऊन खास कॅसेटही बनवून घेत असे. 1998 मध्ये स्क्रूने रीतसर दुकान थाटले आणि त्यात फक्त स्वतःच्याच कॅसेटी ठेवल्या.

होतकरू रॅपरच्या दृष्टीने पाहिले तर या कॅसेटीचे मोल पैशाहून निराळे होते. कॅसेटवर चार ओळी म्हणणाऱ्या मुलाला स्क्रू मानधन देत नव्हता, पण ती कॅसेट शहरभर आणि पुढे सबंध टेक्सास व लुइझियानात फिरत असल्याने एका रात्रीत त्याचा आवाज ओळखीचा होत असे. फॅट पॅट, लिल कीकी, हॉक, लिल फ्लिप, झी-रो ही सगळी नावे लोकांना प्रथम अशी कळली. जाहिरात, रेडिओ आणि परीक्षक या तिन्हींचे काम ही एक कॅसेट करत होती, आणि परीक्षा फार कडक होती, कारण ऐकणारे शेजारी होते आणि कोण खरे बोलतो आणि कोण उसने बोलतो हे शेजाऱ्यांपासून लपत नाही.

ह्युस्टनच्या भूगोलाचाही यात वाटा आहे. हे शहर आडवे पसरलेले आहे, उन्हाळा दमट आणि असह्य असतो आणि मोटारीशिवाय कुठेही जाता येत नाही. त्यामुळे तिथे गाणे घरापेक्षा मोटारीत जास्त ऐकले जाते. जुन्या कॅडिलॅक किंवा ब्यूक मोटारीला काचेसारखा चकचकीत रंग द्यायचा, चाकांना बाहेर टोकदार निघालेल्या तारांच्या रिम लावायच्या, डिकीत मोठे स्पीकर बसवायचे आणि रविवारी रस्त्यावरून अगदी सावकाश जायचे, हा तिथला मानाचा प्रघात आहे. अशा मोटारीला 'स्लॅब' म्हणतात. सावकाश जाणाऱ्या मोटारीला सावकाश संगीत शोभते. डिकी हेच दुकानही होते: मोटार धुण्याच्या जागी, पेट्रोल पंपावर, शाळेच्या फुटबॉल सामन्याबाहेर ती उघडायची आणि कॅसेटी किंवा सीडी विकायच्या. 1991 पासून अमेरिकेतील लोकप्रियतेच्या याद्या दुकानांच्या गल्ल्यावरील संगणकीय नोंदींवरून ठरू लागल्या होत्या आणि डिकीतल्या विक्रीची नोंद अर्थातच कुठे होत नव्हती. म्हणजे एखादा रॅपर यादीत शून्य असूनही शहरात सर्वांत जास्त विकला जाणारा असू शकत होता.

इथे पैशाचे गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. मोठी कंपनी कलाकाराला करारावेळी जी आगाऊ रक्कम देते ती बक्षीस नसते. ऊसतोड कामगाराने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीसारखी ती फेडायची असते, आणि फेड होते ती कलाकाराच्या वाट्यातून. स्टुडिओचे भाडे, बऱ्याचदा व्हिडिओचा निम्मा किंवा सगळा खर्च, कधी प्रसिद्धीचाही काही खर्च त्याच खात्यावर लिहिला जातो. केवळ समजण्यासाठी काही आकडे घेऊ. पंधरा डॉलरच्या सीडीवर बारा टक्के रॉयल्टी धरली तर प्रत्येक प्रतीमागे कलाकाराच्या नावे एक डॉलर ऐंशी सेंट जमा होतात. एक लाख प्रती खपल्या तर एक लाख ऐंशी हजार डॉलर होतात, पण उचल आणि खर्च मिळून अडीच लाख झाले असतील तर एक लाख प्रती विकूनही तो कंपनीला सत्तर हजार डॉलर देणे लागतो. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टरची, मालकी कंपनीकडेच राहते. याउलट, स्वतः छापलेल्या सीडीवर छपाई आणि वितरकाचा वाटा जाऊन सहा डॉलर हाती पडत असतील तर केवळ वीस हजार प्रतींवर एक लाख वीस हजार डॉलर येतात, त्यातून स्टुडिओ आणि भित्तिपत्रकांचे तीस हजार वजा केले तरी नव्वद हजार उरतात, आणि गाणे त्याचेच राहते. वीस हजार प्रती हा आकडा न्यूयॉर्कच्या कंपनीला अपयशाचा वाटतो. साउथ पार्कमधल्या माणसाला तोच आकडा स्वतःचे घर मिळवून देतो.

हे गणित जमायला मधला दुवा हवा असतो, तो म्हणजे वितरक. ह्युस्टनमध्ये साउथवेस्ट होलसेल नावाची घाऊक वितरण संस्था होती. स्थानिक रॅपर तिच्याकडे माल देत आणि ती तो टेक्सास, लुइझियाना आणि आसपासच्या राज्यांतल्या दुकानांत पोहोचवत असे. त्याखालची पायरी म्हणजे वस्तीतली छोटी दुकाने, जी पाच-दहा प्रती ठेवून घेत आणि विकल्या गेल्यावर पैसे देत. ही साखळी जुळल्यामुळेच 2002 मध्ये पॉल वॉल आणि कमिलियनेअर या दोघांनी एका लहान स्थानिक कंपनीकडून काढलेल्या पहिल्या अल्बमच्या एक लाखाहून अधिक प्रती खपू शकल्या. स्लिम थग या रॅपरने पुढे मोठ्या कंपनीकडून पहिला अल्बम काढला तेव्हा त्याला 'आधीच प्लॅटिनम' (प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रतींच्या खपाचा मान) अशा अर्थाचे नाव दिले, कारण स्वतःच्या बळावर तो तितके कमावून बसलेला होता.

हलाखीतून आलेला आणि शहराचा झालेला रॅपर म्हणजे काय हे पाहायचे तर मी झी-रोकडे बोट दाखवीन. जोसेफ मॅकव्हे हे त्याचे खरे नाव. 1977 मध्ये साउथ पार्कमध्ये त्याचा जन्म झाला, तो सहा वर्षांचा असताना आई वारली आणि पुढचे बालपण या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे असे गेले. काही काळ त्याला छप्परही नव्हते आणि पोटासाठी त्याने अमली पदार्थही विकले. शेवटी शहराच्या कडेला असलेल्या मिझुरी सिटीत तो स्थिरावला. 1998 मध्ये त्याचा पहिला अल्बम स्वतंत्रपणे निघाला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो वेगाने रॅप करता करता मध्येच चर्चमध्ये गावे तसा खर्जात गाऊ लागतो आणि विषय बहुतेकदा एकटेपणाचा, विश्वासघाताचा आणि मरणाचा असतो. 2005 च्या अल्बममधले त्याचे 'मो सिटी डॉन' हे फ्रीस्टाइल न्यूयॉर्कच्या एका जुन्या गाजलेल्या गाण्याच्या ठेक्यावर म्हटलेले आहे. त्यात ध्रुवपदही नाही. तरी ह्युस्टनमध्ये ते लागले की सभागृहातले लोक पहिल्या शब्दापासून अखेरपर्यंत सगळे एकसुरात म्हणतात, लग्नात म्हणतात, शाळेच्या मेळाव्यात म्हणतात. देशपातळीवरच्या याद्यांत त्याला कधी मोठे स्थान मिळाले नाही. पण मला वाटते, अख्ख्या शहराच्या तोंडी असण्यापेक्षा मोठे स्थान एखाद्या गाण्याला असूही शकत नाही.

नव्या मुलाला या वर्तुळात शिरायचे तर आणखी एक दार होते, ते क्लबचे. उत्तर ह्युस्टनमध्ये मायकेल वॉट्स आणि ओजी रॉन सी या डीजेंनी 'स्विशाहाउस' काढून स्क्रूची पद्धत शहराच्या दुसऱ्या टोकाला नेली होती. त्यांच्याकडच्या माइक जोन्सला सुरुवातीला कोणी वाजवीना. तेव्हा त्याने नृत्यांगनांच्या क्लबांत जाऊन तिथल्या मुलींच्या नावांची खास गाणी त्यांना नाचासाठी करून दिली; त्या ती गाणी वाजवायला सांगत आणि डीजेला ती वाजवावी लागत. गाण्यात तो स्वतःचे नाव पुन्हा पुन्हा घेत असे आणि स्वतःचा खरा दूरध्वनी क्रमांकही सांगत असे, टी-शर्टांवर छापत असे, आणि आलेले फोन घेत असे. 2004 मध्ये स्लिम थग आणि पॉल वॉल यांच्यासह केलेल्या गाण्याने तो देशभर पोहोचला आणि 2005 मध्ये त्याचा पहिला अल्बम 'बिलबोर्ड' मासिकाच्या देशव्यापी यादीत तिसऱ्या क्रमांकावर उतरला. त्याच वर्षी पॉल वॉलचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि पुढच्या वर्षी कमिलियनेअरचे गाणे देशात अव्वल ठरले.

लोक साधारणपणे ही गोष्ट इथे थांबवतात, जणू गल्ली हा जिना होता आणि बिलबोर्ड ही गच्ची. प्रत्यक्षात ती लाट दोन-तीन वर्षांत ओसरली. माइक जोन्सचा दुसरा अल्बम 2009 पर्यंत रखडला आणि तोवर देशाचे लक्ष अटलांटाकडे वळले होते. ज्यांनी शहरातला बाजार सोडला नव्हता त्यांचे कार्यक्रम मात्र चालूच राहिले. ह्युस्टनहून बोमाँट दीड तासावर, सॅन अँटोनियो तीन तासांवर, डॅलस चार तासांवर. शुक्रवार-शनिवारी या पट्ट्यात गाऊन रविवारी घरी परतणारा रॅपर वर्षभर काम करू शकतो.

या व्यवस्थेची किंमतही सांगितली पाहिजे, कारण ती फार मोठी होती. फॅट पॅट 1998 च्या फेब्रुवारीत गोळीबारात मारला गेला. त्याचा पहिला अल्बम त्यानंतर बाहेर आला. त्याचा भाऊ हॉक 2006 मध्ये तसाच गेला. स्क्रू स्वतः 16 नोव्हेंबर 2000 रोजी, वयाच्या 29 व्या वर्षी, आपल्या स्टुडिओत मरण पावलेला आढळला. शहरात खोकल्याचे कोडीनयुक्त औषध सोड्यात मिसळून पिण्याची सवय पसरली होती, आणि त्याच्या मृत्यूमागे कोडीनसह इतर अमली पदार्थ होते. संथ संगीत या औषधामुळेच जन्मले असे सरसकट लिहिले जाते. स्क्रूने ते नाकारले होते, आणि त्याची पद्धत पाहता मला त्याचे म्हणणे पटते: शब्द नीट ऐकू यावेत म्हणून तो वेग उतरवत असे. पण त्याच्या भोवतीच्या मुलांचे आयुष्य त्या बाटलीने कमी केले, हेही तितकेच खरे आहे. जिथे कंपनी नाही तिथे कंपनीची लूट नाही, तसेच आरोग्यविमाही नाही, वकीलही नाही आणि हिशेबनीसही नाही. कॅसेटींवरचे मूळ संगीत इतरांच्या मालकीचे असल्यामुळे त्यांतल्या बहुतेक कधी रीतसर पुनःप्रकाशित करणेही सोपे राहिले नाही.

आणि सगळ्यांचे काम झालेही नाही. स्क्रूच्या कॅसेटींवर 'बिग फ्लॉइड' या नावाने रॅप करणारा थर्ड वॉर्डचा एक उंचापुरा तरुण होता. त्याचा आवाज भारदस्त होता आणि वस्तीत त्याला मान होता, पण संगीतातून त्याचे पोट भरले नाही. पुढे कामाच्या शोधात तो मिनियापोलिसला गेला, आणि 25 मे 2020 रोजी पोलिसाच्या गुडघ्याखाली त्याचा जीव गेल्यावर जगाला जॉर्ज फ्लॉइड हे नाव कळले. ह्युस्टनमधल्या कित्येकांनी तेव्हा जुन्या कॅसेटी काढून त्याचा आवाज शोधला.

बाजाराची रचना आता बदलली आहे. साउथवेस्ट होलसेल 2003 च्या सुमारास बंद पडली, छोटी दुकाने गेली, कॅसेट आणि सीडी दोन्ही गेल्या. ऑनलाइन ऐकण्यातून प्रत्येक वेळी सेंटचाही केवळ अंशच हाती येतो, त्यामुळे वीस हजार निष्ठावान गिऱ्हाइकांवर घर चालवण्याचे जुने गणित केवळ ध्वनिमुद्रणावर बसत नाही; ते कार्यक्रम, कपडे आणि जोडधंदे यांवर बसवावे लागते. शहराशी असलेले नाते हेच आता मुख्य भांडवल झाले आहे. ट्रे द ट्रुथ या रॅपरच्या सन्मानार्थ 2008 मध्ये ह्युस्टनच्या महापौरांनी एक दिवस जाहीर केला, आणि 2017 मध्ये हार्वे वादळाने शहर बुडवले तेव्हा तो बोटीतून लोकांना बाहेर काढत होता. युनिव्हर्सिटी ऑफ ह्युस्टनच्या ग्रंथालयात स्क्रूच्या तबकड्या जतन केलेल्या आहेत. मार्च 2022 मध्ये ह्युस्टन रोडिओ या गुरे, घोडे आणि कंट्री संगीताच्या पारंपरिक जत्रेत पोर्ट आर्थरच्या बन बी या रॅपरने आपला कार्यक्रम झी-रो, लिल कीकी, स्लिम थग, पॉल वॉल अशा जुन्या सोबत्यांना बरोबर घेऊन केला, आणि सत्तर हजारांहून अधिक लोक तिकीट काढून त्यांना ऐकायला आले. त्या रात्री गायलेल्यांपैकी काहींची गाणी टेक्सासबाहेर कधी फारशी वाजलेली नाहीत.